चौघांचे चार टायर

चार मास्तरांनी मिळून एक गाडी घेतली की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपसूक डिकीत साठत जातात. आमची डिकी नीट बंदही व्हायची नाही, कारण तिची कडी मोडलेली होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सिल्वासाच्या एका शाळेत आम्ही शिकवायचो. गणिताचे सावंतसर कोकणातले, पीटीचे पाटीलसर खानदेशातले, गुजरातीचे देसाईभाई इथलेच आणि भूगोलाची मी. गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून राबून रिटायर झालेली. दर रविवारी एकेकाने आळीपाळीने चालवायची, असं ठरलं होतं.

*

जुने टायर पार गोटा झाले, तेव्हा सावंतसर म्हणाले, "हिशोबाची कटकटच नको. चार माणसं, चार टायर. ज्याने त्याने आपला आणावा."

गणिताच्या माणसाने काढलेला तोडगा, कोण नाही म्हणणार? सावंतसरांनी लगेच आणला, बाकीच्यांनी सवडीने. पाटीलसरांनी आपल्या टायरवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलं. मग काय, सगळ्यांनीच घातलं. सावंत पुढे डावीकडे, देसाई पुढे उजवीकडे, पाटील आणि मी मागे.

*

वापी रोडचा पंक्चरवाला दर वेळी सांगायचा, "पुढचे मागे घाला, मागचे पुढे घाला. नाहीतर पुढचे कडेला घासतील."

"माझा टायर मागे निवांत बसेल आहे," पाटीलसर म्हणायचे, "त्याले पुढे कशाला धाडू राहिले?"

देसाईभाई बिचारे कशालाही तयार असायचे. पण सावंतसर पुढची जागा सोडेनात. गेटातून शिरताना मुलांना आधी त्यांचं नाव दिसायचं ना! त्यामुळे टायर जिथल्या तिथे झिजत राहिले.

*

माझी पहिली पाळी खानवेलच्या रस्त्यावर आली. मी माहेरी भावाच्या जीपवर शिकले होते. स्टिअरिंग हलकं धरायचं, आवळायचं नाही, ही त्याची शिकवण. मी हलकं धरलं आणि गाडी आपली डावीकडे सरकायला लागली. रस्ता संपला, गवत आलं, गवतातली एक म्हैस उठून बाजूला झाली, तेव्हा कुठे मी ब्रेक मारला.

"बाई, तुमचा हात डावीकडे ओढतो," सावंतसर म्हणाले.

"प्रॅक्टिस करा बेन, चालशे," देसाईभाई म्हणाले.

त्या दिवसापासून माझी पाळी बंद आणि मागची सीट पक्की. मला मनस्वी राग आला. गाडीत चौथा हिस्सा माझा, टायर माझा, आणि मी रविवारच्या रविवार सामानासारखी मागे बसून फिरायचे. मला माझी पाळी परत हवी होती.

*

पण मागे बसलं की पुढच्यांच्या पाठी दिसतात. रस्ता सरळ असला तरी सावंतसरांचा उजवा खांदा खाली गेलेला असायचा. पाटीलसरांचाही तसाच. देसाईभाई तर गप्पा मारता मारता उजव्या हाताने स्टिअरिंग चक्क खाली ओढून धरायचे.

मी एकदा विचारलं, "देसाईभाई, तुम्ही स्टिअरिंग का ओढता?"

"कोण ओढतंय?" म्हणाले, आणि ओढतच राहिले.

मला रात्री झोप येईना. तिघांचेही खांदे एकाच बाजूला कसे काय?

*

शेवटी मी पाटीलसरांकडून मैदान आखायची पांढरी फक्की मागून घेतली आणि शाळेच्या मैदानावर लांब सरळ रेघ मारली. सावंतसरांना गाडीत बसवलं. "रेघेवर या आणि हात सोडा."

"हात सोडून?"

"माझा हात ओढतो ना? मग हातच नको."

त्यांनी हात सोडले. गाडी रेघ सोडून डावीकडे गेली आणि लांब उडीच्या वाळूत रुतली.

"मैदानाला उतार आहे," सावंतसर म्हणाले.

"मग उलट्या दिशेने आणा."

उलट्या दिशेने आणली, तरी गाडी पुन्हा डावीकडेच, म्हणजे आता चढावर! मग मी हट्टाने सावंत आणि देसाई या पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करायला लावली. तर गाडी उजवीकडे वळली. पाटीलसरांनी खाली वाकून सावंतांच्या टायरवरून हात फिरवला. एका कडेची नक्षी पार गेलेली होती.

"सर," ते म्हणाले, "ओढणारे तर तुम्हीच निघाले."

मग पाटील आणि मी पुढे आलो, सावंत आणि देसाई मागे गेले. गाडी रेघेवरून सुतासारखी सरळ गेली.

"आता माझी पाळी?" मी विचारलं.

"आधी मी रस्त्यावर बघतो," सावंतसर म्हणाले. "ठीक वाटलं तर पुढचा रविवार तुमचा."

*

त्या रविवारी आम्ही खानवेलला निघालो. सावंतसर स्टिअरिंगवर, मी त्यांच्या मागे. रस्ता सरळ आणि रिकामा. त्यांचा उजवा खांदा नेहमीसारखा खाली गेलेला.

गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली.

"सर," पाटीलसर म्हणाले. "अहो सर."

रस्ता संपला, गवत आलं आणि गवतातली म्हैस उठून बाजूला झाली. ब्रेक लागला. तीच म्हैस की दुसरी, ते मला सांगता येणार नाही.

सावंतसरांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग उतरले आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "किल्ली आतच आहे."