मेढ्याच्या फाटकात अमेरिकन जावई

माझ्या लेकीनं, अश्विनीनं, अमेरिकन नवरा केला त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत माझी थोरली बहीण आक्का तिच्याशी एक अक्षर बोललेली नाही. लग्नाची पत्रिका घेऊन मी मेढ्याला गेलो, तेव्हा आक्कानं पत्रिका घेतली, शेगडीच्या मागं ठेवली आणि म्हणाली, "त्या दोघांस्नी माझ्या दारात आणू नगंस." बाप गेल्यावर जिनं मला वाढवलं, ती बाई असं बोलली; मी आलो तसा माघारी फिरलो.

यंदा जानेवारीत अश्विनी आणि केविन तीन आठवडे तासगावला आले. चौथ्या दिवशी अश्विनी म्हणाली, "बाबा, आत्यानं एकदा 'आशे' म्हणून हाक मारली तरी मला पुरे." मी म्हटलं, द्राक्षहंगाम अंगावर यायच्या आत उरकून टाकू. बेदाण्याच्या पेट्या पाठीवर वाहून धंदा उभा केलेला माणूस मी, बहिणीचा राग काय उतरवता येत नाही? आमच्या मंडळी मात्र शहाण्या. म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. आक्का हसल्या की फोन करा, मग मी येते."

ज्यांना हीच वाट धरायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. तासगाव, विटा, कराड, पाटण, कोयनानगर; मेढ्याला जायला हा वळसा पडतो, पण पाहुण्याला कोयना दाखवायची होती. सकाळी दहाला निघालात तर जेवायला कराड आणि चहाला कोयना. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चाललेले असतात, त्यांच्या मागं अर्धा तास धरून चालायचं. हॉर्न वाजवून उपयोग नाही, ट्रॅक्टरवाल्याच्या गाण्याचा आवाज तुमच्या हॉर्नच्या वर.

केविन पुढच्या सीटवर, पट्टा आवळून. विट्याच्या चौकात त्यानं मला विचारलं, "आता जायची पाळी कुणाची?" त्याचा दोष नाही. गेल्या वर्षी मी तीन महिने त्यांच्याकडं कॅलिफोर्नियात राहून आलोय, कामापुरतं इंग्रजी तिथंच शिकलो. तिथं सिग्नल नसलेल्या चौकात चारही बाजूंच्या गाड्या थांबतात आणि जो आधी आला तो आधी जातो. पोलीस नाही, कुणी बघत नाही, तरी. एकदा चौघंही एकदम आले आणि चौघंही एकमेकांना 'तुम्ही व्हा' असा हात करत बसले. मला वाटलं, आता चहा मागवावा लागतोय.

मी केविनला म्हटलं, "इथं पाळी नसते. ज्याची छाती मोठी तो जातो." आणि बोलेरो घातली.

कराडला अख्खा मसूर, भाकरी आणि भात खाल्ला. तिघांचं बिल पाचशेच्या एका नोटेत बसतं, हे बजेट आखणाऱ्यांनी लिहून घ्यावं. भात उरला तर केविननं तो बांधून द्या म्हणून सांगितलं. हॉटेलवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दे गड्या, त्यांच्यात पद्धत आहे." खरंच आहे. अमेरिकेत हॉटेलात एवढं वाढतात की निम्मं डब्यात घालून घरी न्यायचं, आणि पाणी मागितलं तर पेलाभर बर्फ आणून देतात, त्यात सापडलं तर पाणी. बाकी देश चोख. फक्त एवढा श्रीमंत असून सार्वजनिक संडासाच्या दाराला फळी का पुरली नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खालून पाय दिसतात, फटीतून डोळे. मी आत बसून तीन माणसांचे बूट ओळखायला शिकलो होतो.

कोयनानगरला मुक्काम. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो जवळ ठेवा, लॉजवाला वेगळा फॉर्म भरून घेतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर अश्विनीनं केविनला सांगितलं की इथं जमीन अधूनमधून हलते. तो खूश झाला. त्याच्याही गावात हलते. शाळेत शिकवतात म्हणे, हादरा बसला की टेबलाखाली शिरायचं आणि टेबलाचा पाय धरायचा. त्यानं टपरीच्या बाकाखाली डोकं घालून दाखवलंही.

टपरीवाला किटली धरून बघत राहिला. "आवं, बाहेर एवढं मोकळं रान पडलंय. टेबलाखाली कशाला?"

अश्विनीनं हे इंग्रजीत सांगितल्यावर केविन विचारात पडला. म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

रात्री जेवताना त्यानं मुद्द्याचं विचारलं. "आत्याकडं किती ते किती जायचंय?" अमेरिकेत घरी बोलावतानाच सांगतात, पाच ते सात. सातला पाच कमी असताना पाहुणे आपण होऊन कोट चढवतात. मी म्हटलं, "आपल्यात सुटायची वेळ यजमान ठरवतो." मग त्यानं दुसरं विचारलं, "त्यांना माहीत आहे ना, आपण येतोय ते?"

मी म्हटलं, "व्हय व्हय."

थाप होती. माझा हिशेब साधा होता. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला कुणी परत लावत नाही. सरळ आत जाऊन बसायचं, पाणी मागायचं, पाणी दिलं की निम्मं भांडण मिटलं. विचारून गेलो तर ती नाही म्हणणार. मग विचारा कशाला?

दुसऱ्या दिवशी उंब्रजवरून सातारा. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, आक्काला आवडतात. साताऱ्याहून मेढ्याला तासभर लागतो. वळणं आहेत, पोट नाजूक असेल तर पेढे नंतर खा.

आक्काचं घर मेढ्याच्या जरा बाहेर. पुढं अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. आक्का अंगणात नाचणी पाखडत होती. आमची गाडी बघितली आणि सूप हातात तसंच घेऊन आत गेली. मी फाटक उघडलं आणि चपला काढता काढता हाक मारली, "आक्का, पाणी आण." माझ्यामागून अश्विनी आली. मागं वळून बघतोय तर केविन फाटकाबाहेर उभा.

"अरे, ये की."

"त्या आत या म्हणाल्या नाहीत," तो म्हणाला. "बाबा, त्यांना माहीतच नव्हतं, होय ना?"

खोटं बोलताना मी फारसा अडखळत नाही, पण त्या दिवशी अडखळलो. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "घर त्यांचं आहे. त्या म्हणतील तेव्हा येतो." आणि उभा राहिला. दुपारचं ऊन, सहा फूट उंच गोरा माणूस, हातात पेढ्यांचा पुडा. पाच मिनिटांत समोरच्या घरातून दोन बायका आल्या, सायकलवरचा एक म्हातारा उतरला.

म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण हाय ह्यो?"

मी म्हटलं, "आमचे जावई."

"मग भाईर का?"

एवढा वेळ आतून चुलीशी भांडी आदळल्याचा आवाज येत होता. तो थांबला. आक्का दारात आली. अश्विनीकडं बघितलं नाही. मला म्हणाली, "लाज हाय का रं? जावयाला उन्हात तापत ठिवलंय. गाव बघतंय माझ्या दाराकडं." मग फाटकाकडं न बघताच, "या म्हणावं त्याला."

केविन आत आला. वाकून नमस्कार केला, तो अश्विनीनं शिकवला होता. आक्का पाय मागं घेत म्हणाली, "असू द्या, असू द्या." जेवायला वाढलं. कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, मिरचीचा खर्डा. माझ्याशी बोलली, केविनशी खुणेनं बोलली, लेकीला मात्र वाढताना सुद्धा भाकरी मुक्यानं ठेवली. अश्विनी भाकरीचे नुसते तुकडे करत बसली होती. मी मनात म्हटलं, पाणी मिळालं, जेवण मिळालं, हाक काही मिळत नाही.

जेवण झालं. केविन उठला, आपलं ताट उचललं आणि मागच्या दारी नळाच्या दगडावर जाऊन बसला. उकिडवं बसता येईना म्हणून एक गुडघा टेकला, आणि लागला ताट घासायला.

मी मागोमाग पळालो. जावयानं ताट घासायचं, तेही पहिल्या खेपेला, आणि त्या दोन बायका कुंपणाला वळसा घालून मागंही येऊन उभ्या. मी म्हटलं, "ठेव ते, ठेव." तो म्हणाला, "घरी मी रोज करतो."

आक्का मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

तुम्हाला दाजींचं सांगायला हवं. आक्काचे मालक फौजेत सुभेदार होते. पेन्शन घेऊन घरी आले ते ही सवय घेऊनच. जेवण झालं की ताट उचलायचं आणि त्याच दगडावर घासायचं. 'फौजेच्या लंगरात ज्याची थाळी तो धुतो,' म्हणायचे. गाव हसायचं. मीही हसलोय, एकदा भर पंगतीत म्हणालो होतो, "दाजी, बंदूक गेली आणि काथ्या हातात आला." ते हसले होते. आक्का हसली नव्हती. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

कुंपणापलीकडची एक बाई म्हणालीच, "काय वं आक्का, जावयाला भांड्याला लावलं?"

आक्कानं तिच्याकडं मान वळवली. "ह्या घरात गडीमाणूस आपलं ताट आपुन धुतो. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मग आत वळून, डोळ्याला पदर न लावता, नेहमीच्या खड्या आवाजात ओरडली, "आशे, बघत काय बसलीयास? बोटानं माती घिऊन घासतोय त्यो. साबण दे त्याला."

अश्विनी उठली ती ताटाला अडखळली. साबण न्यायचा सोडून आक्काच्या गळ्यात पडली. आक्का म्हणत होती, "अगं सोड, खरकटा हात हाय तुझा," आणि स्वतः काही सोडत नव्हती. मी मंडळींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हसल्या का?" मी म्हटलं, "वरडल्या." त्या म्हणाल्या, "मग झालं."

पाच ते सातचा पाहुणा मेढ्यात तीन दिवस राहिला.

आता दोघं परत गेलेत आणि आमच्या शेडमध्ये हंगाम सुरू झालाय. अमेरिकेच्या पुष्कळ गोष्टींना मी अजून हसतो. त्या संडासाच्या दाराला तर मरेपर्यंत हसेन. परवा आक्काचा फोन आला. "आशेला सांग, त्याला म्हणावं पुढल्या खेपेला फाटकात थांबायचं न्हाई." जरा थांबून म्हणाली, "आणि तू थांबत जा."

काल दुपारी जेवून उठलो आणि ताट घेऊन मोरीत गेलो. मंडळी दारात आल्या, कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मग ताट उलटं करून बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं. "मागनं तेल तसंच आहे. दाजींचं चकाकायचं."