अंबाडीला झालेली कावीळ

अंबाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना आधीच सांगून टाकते. तिचं पान हाताच्या पंजासारखं असतं, लांब बोटांचं, कडेला करवतीचे दाते. गांजाचं पानही तसंच असतं म्हणतात. मी गांजा कधी पाहिला नव्हता. पण ओमानमध्ये, अल् घुब्र्यात, आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी तो पाहिलेला असावा, कारण माझी अंबाडी कमरेएवढी झाली आणि ज्याला त्याला ओळख पटली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. मागच्या बाजूला भिंतीलगत मातीची एक पट्टी होती, तिच्यात सिमेंटचे तुकडे आणि मांजरं याशिवाय काही नव्हतं. मी ती खणली. गावाकडून रुमालात बांधून आणलेलं बी मार्चमध्ये टाकलं. नवरा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर; आठवडाभर तिकडेच राहायचा, तिथली सुट्टी गुरुवार-शुक्रवारची म्हणून बुधवारी संध्याकाळी घरी यायचा. घरात मी आणि आठवीतली लेक. बाकी मला करमायला होतं काय? ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली अंबाडीची भाजी, वर लसणाची चरचरीत फोडणी, हे माझं स्वप्न होतं. एवढंच. त्यात कोणाच्या बापाचं काय जात होतं?

पहिल्यांदा लेकीनंच सांगितलं. शाळेत ड्रग्जवर कोणीतरी बोलून गेलं होतं, पोस्टर दाखवलं होतं. ती घरी आली, मागच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, दॅट इज वीड."

"ती भाजी आहे," मी म्हटलं.

"नो आई, सेम टू सेम आहे. पप्पांना जेल होईल."

पोरगी खरंच घाबरली होती. मी एक पान तोडून तिच्यासमोर कच्चं खाल्लं, तर ती रडायलाच लागली.

मग वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. मुंबईच्या; यजमान बँकेत. आवाज बारीक करून म्हणाल्या, "अहो, आम्हाला माहितीय हो तुम्ही तशा नाही. पण बघणाऱ्याला काय कळणार? इथले कायदे माहितीयत ना? एका फोनवर नोकरी जाईल, उलट्या पावली घरी पाठवतील. काढून टाका बाई."

मी म्हटलं, "कर नाही त्याला डर कशाला?" त्यांनी मान हलवली आणि जिना चढून गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगीला माझा गांजा ठाऊक झाला.

नवऱ्याचा सोहारहून फोन आला. लेकीनं त्याला सगळं सांगितलं होतं. "उपटून टाक," तो म्हणाला. "वाद नको. चार काड्यांपायी एवढं सगळं घालवायचंय का?"

त्याचंही चुकत नव्हतं. नोकरी त्याची, व्हिसा त्याचा, घराचा भाडेकरारही त्याच्या नावावर. पण मी उपटली असती तर काय झालं असतं? गांजाच होता, म्हणूनच गुपचूप काढला, असं झालं असतं. पुढे मी दहा वर्षं शपथा घेतल्या असत्या तरी कोणी मानलं नसतं. "मी उपटणार नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि नेमकं तेव्हाच अंबाडी पिवळी पडायला लागली.

मे महिना. तिथला मे म्हणजे विचारू नका. दार उघडलं की भट्टीचं झाकण उघडल्यासारखं तोंडावर यायचं. आधी खालची पानं पिवळी होऊन गळाली. म्हटलं पिकली, गळायचीच. मग मधली. मग शेंड्याची. माझा जीव खाली-वर व्हायला लागला. झाडं आपोआप मेली तर वरच्या बाई म्हणणार, सुंठीवाचून खोकला गेला. म्हणजे मी हरले, आणि तेही न भांडता. असं मी होऊ देणार होते होय!

विचारायचं कोणाला? पान डब्यात घालून नर्सरीत गेले. तिथला मल्याळी माणूस हसून पुढे आला, झाकण उघडलं, आणि लगेच बंद केलं. इकडेतिकडे बघितलं. "मॅडम, ये लेके जाओ. यल्ला, यल्ला!" मी म्हटलं, "अरे भाई, सब्जी है, बीमार है!" तो आत निघून गेला. रोग्याची नाडी बघायलाच कोणी तयार नाही, मग औषध कुठलं!

मग माझी मीच वैद्य झाले. दुपारी झाडं माना टाकायची, म्हणून वाटलं पाणी कमी पडतंय. मी दुपारीच पाइप लावायला लागले, चांगलं चिखल होईपर्यंत. पिवळेपणा वाढला. मग वाटलं, माती उपाशी आहे. नवऱ्याला रुस्ताक गावाहून लेंडीखताचं पोतं आणायला लावलं, कशाला ते न सांगता. त्यानं आणलं, मागची झाडं बघितली आणि त्याचा चेहरा पडला. मी ओंजळी भरभरून खत घातलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं चाललं होतं.

शेवटी मी ठरवलं की आता काही घालायचं नाही, नुसतं बघायचं. सकाळी बघितलं, झाडं ताठ. दुपारी माना खाली. ऊन उतरलं की पुन्हा ताठ. म्हणजे दुपारी ती तहानेनं नव्हे, उन्हानं मान टाकत होती. आपणही त्या उन्हात टाकली असती. माती बोटानं उकरली, तर खाली ओली गच्च, कुबट वास. म्हणजे मुळं बुडाली होती. पानं निरखली तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मातीत अन्न होतं, पण बुडालेलं मूळ ते घेतच नव्हतं. एवढं कळलं, तरी वाटत होतं काहीतरी अजून राहतंय.

ते माझ्या पायावर पडलं तेव्हा कळलं. दुपारी पाय धुवायला मागचा नळ सोडला आणि मी किंचाळले. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी, चहाचं आधण म्हणून चाललं असतं! आणि हे मला माहीत नव्हतं का? उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा आणि अंघोळीला त्याच्यात सावलीला राहून निवलेलं पाणी घ्यायचं, कारण गच्चीवरच्या तापलेल्या टाकीतून थेट 'थंड' नळाला येणारं पाणी अंगाला लावून घेता येत नाही, ही तिकडच्या घरोघरची रीत. मीच लेकीला ओरडायचे, "त्या नळाला हात लावू नको, भाजशील!" आणि झाडांना दयाळूपणे तेच पाजत होते, भर दुपारी, मुळं शिजेपर्यंत.

मी कपाळावर हात मारला. पण रडत बसले नाही. वरचं खत खरवडून काढलं, पाणी वाहून जायला चर पाडला, जुनी चादर बांधून दुपारची सावली केली. पाणी बाथरूममधल्या गिझरच्या नळाचं, बादलीनं, पहाटे, आणि तेही बोट घालून माती कोरडी लागली तरच. पिवळी झालेली पानं हिरवी झाली नाहीत. ती होतही नसतात. पण शेंड्याला नवं पान फुटलं, पोपटी, करकरीत. त्या दिवशी मी एकटीच मोठ्यानं हसले.

अर्बाब आला तो त्याच सुमारास. अर्बाब म्हणजे घरमालक. रुस्ताककडचा म्हातारा ओमानी, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी. त्याला कोणी बोलावलं हे विचारायची गरज नव्हती, कारण वरच्या बाईंचे यजमान त्याच्या मागोमाग उतरले होते. त्याच्या मागे बाई, जिन्यात आणखी दोघं-तिघं. लेक माझा कुडता धरून उभी.

"ये क्या है?" अर्बाबनं काठीनं झाड दाखवून विचारलं.

मी पुढे झाले. शेंड्याचं पान खुडलं, तोंडात टाकलं, त्याच्या डोळ्यांत बघत चावलं. दुसरं खुडून त्याच्यापुढे धरलं. "खाओ, अर्बाब."

"अहो, चावू नका, चावू नका!" यजमान घाईत मराठीतच ओरडले.

म्हाताऱ्यानं पान हुंगलं, बोटांत चुरगाळलं, जिभेवर ठेवलं. आणि त्याचं तोंड असं आंबट झालं! "हामिद!" तो म्हणाला. "हामिद, हामिद!" आंबट, आंबट. हसायलाच लागला. मग पिवळी पानं दाखवून म्हणाला, "बीमार?"

"था. अब ठीक है."

"खलास," विषय संपला अशा अर्थानं तो म्हणाला, आणखी दोन पानं खुडून तोंडात टाकली आणि गाडीत बसून गेला.

वरच्या बाई म्हणाल्या, "अय्या, आम्हाला आधी सांगायचं ना भाजी आहे म्हणून!" मी म्हटलं, "सांगितलं होतं. तुम्हाला साप साप म्हणून भुई धोपटायची होती." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. मला त्याचं काडीचं दुःख झालं नाही.

बुधवारी नवरा आला. सगळं ऐकलं, सुटकेचा निःश्वास टाकला आणि पहिला घास घेत म्हणाला, "झालं ना आता सिद्ध? मग आता तरी काढ. उगाच लोकांच्या डोळ्यांवर कशाला?"

माझा हात भाकरीवर तसाच राहिला. त्याचं सगळं आयुष्य शहरात गेलेलं. मी त्याला कधी न सांगितलेलं सांगितलं. माझी आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. संध्याकाळी बांधावरची अंबाडी ओटीत खुडून आणायची. बांधावरची, जी कोणी पेरलेली नसते. वाटेत मालक उभा राहायचा. "ओटी दाखव." आई पदर सोडून दाखवायची, सगळ्या बायांसमोर, मी बोट धरून उभी असताना. पाल्यात कापूस लपवलाय का ते बघायचा. कधीच नसायचा. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ओटी दाखव."

"आईनं जन्मभर दाखवली," मी म्हटलं. "चोर नाही हे रोज सिद्ध केलं, तरी रोज चोरच राहिली. मी एकदा दाखवलं. आता नाही दाखवणार, आणि काढणारही नाही."

तो जेवायचा थांबला. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी तयारच होते.

"मग मागे कशाला लावलीस?" तो म्हणाला. "पुढे लाव. गेटजवळ."