तंबोऱ्याचे भोपळे आणि मागची स्प्रिंग

मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका चाचांच्या दारात दोन नव्या मोपेड उभ्या होत्या. एक माझ्याकडे, दुसरी दिनकरकडे. दोन्ही कॅरिअरवर वेताची एकेक टोपली आणि टोपलीत तंबोऱ्याचा एकेक वाळका भोपळा. सांगलीच्या आमच्या गाड्या-दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच काम होतं.

"जपून," चाचा म्हणाले. "केसाएवढी चीर गेली तरी तंबोऱ्याच्या कामाचा राहत नाही."

सत्तरच्या दशकात या लहान गाड्या नुकत्याच निघाल्या होत्या. पेडल मारून सुरू करायच्या, सायकलीहून थोड्या दणकट. दोन कंपन्या आमच्या मालकांकडे एजन्सी घ्या म्हणून मागे लागल्या होत्या. मालकांनी डोकं चालवलं. पहिलं गिऱ्हाईक चाचा, त्यांना स्टेशनवरून भोपळे आणायचे असत. ज्या गाडीवर भोपळा शाबूत येईल तिची एजन्सी घ्यायची. आणि ती गाडी चालवणारा नव्या वर्कशॉपचा इनचार्ज.

मालकांच्या दुकानात मी पंधरा वर्षं मिस्त्री होतो. दिनकर उंब्रजचा, डिप्लोमा करून दोन महिन्यांपूर्वी आलेला. तो आल्यापासून मालक काहीही विचारायचं तर आधी त्याच्याकडे बघत. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही. त्यात चांगली गाडीही त्यालाच मिळाली.

चांगली म्हणजे काय, ते सांगतो. त्याच्या गाडीचं मागचं चाक स्विंग-आर्मवर होतं, म्हणजे वरखाली हलणाऱ्या दांड्यावर. त्याला दोन बाजूंना दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. खड्डा आला की चाक वर जाणार, गाडी जागेवर राहणार. माझ्या गाडीचं चाक सायकलीसारखं थेट चॅसीला आवळलेलं. स्प्रिंगा फक्त सीटखाली. बसणाऱ्याला आराम, कॅरिअरला सगळे दणके.

निघण्याआधी दिनकर आत भोपळा निवडत होता, तेव्हाच मी माझ्या गाडीच्या मागच्या टायरच्या व्हॉल्व्हची पिन दाबली आणि निम्मी हवा सोडून दिली होती. मऊ टायर दणके खातो. मालकांना यातलं काही कळत नव्हतं.

परत आल्यावर चाचांनी मालकांसमोर माझ्या भोपळ्यावर बोटं वाजवली, कान लावला आणि मान डोलावली. दिनकरचा वाजवला, तेव्हा आवाज बद्द आला. बुडाशी चीर होती.

"मालक, ह्या स्प्रिंगा दोन माणसांच्या वजनाला बसवल्यात," दिनकर म्हणाला. "मी हा असा काटकुळा, अन् भोपळ्याला वजनच न्हाई. त्या दबल्याच न्हाईत, उलट उसळल्या. जड सामान घालून एकदा बघूया."

"भोपळा कुणाचा फुटला, तेवढं सांग," मालक म्हणाले.

दिनकरचं म्हणणं बरोबर होतं. मला ते निघतानाच ठाऊक होतं. त्याने माझ्या टायरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि गप्प बसला.

मी इनचार्ज झालो. आठवड्याभरात चाचा फुटका भोपळा घेऊन आले. "मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही कशी चालवली, ते शिकवा की." मी त्यांना सावकाश चालवा म्हणून सांगितलं. हवा कमी ठेवा कसं सांगणार? रोज पंक्चर झालं असतं.

बाकीच्या गिऱ्हाइकांना भोपळे न्यायचे नव्हतेच. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, नाहीतर मागे बायको आणि तिच्या मांडीवर पोर. सगळा दणका चाकावर. रिमा वाकायच्या, तारा तुटायच्या. पुढची कित्येक वर्षं मी इनचार्ज म्हणून रिमा सरळ करत बसलो.

दिनकर साताऱ्याला गेला. दुसऱ्या कंपनीची एजन्सी तिथे एकाने घेतली होती. एका लग्नाला साताऱ्यात गेलो तेव्हा मुद्दाम त्याचं वर्कशॉप बघून आलो. स्वच्छ फरशी, दुरुस्तीला जेमतेम तीन गाड्या. त्याला बसून चहा प्यायला वेळ होता. माझ्या पोटात पुन्हा दुखलं.

चहा संपल्यावर मी विचारलंच. "त्या दिवशी माझा टायर बघितला होतास ना?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीस?"

"आवं, तुमी पंधरा वर्सं तिथं. मी परवा आल्यालं पोरगं. मालकाफुडं तुमची मान खाली घालायची व्हय?"

गाडी तपासायची तर तिच्यावर रोज जे लादलं जाणार आहे तेच लादून तपासावी, आणि आधी टायरची हवा बघावी. एवढा धडा नव्या मिस्त्रींना मी देत आलो. दिनकरच्या उत्तराबद्दल कुणाला बोललो नाही. त्याच्या डिप्लोम्याचा, गाडीचा, फरशीचा मिळून मला जेवढा हेवा वाटला नसेल, तेवढा त्या उत्तराचा वाटला.