सिस्टरची मावशी

वत्सलाबाई जळायच्या, आणि त्याही कुणावर, तर स्वतःच्या लेकीवर. जावेवर, शेजारणीवर जळणाऱ्या बायका पुष्कळ असतात हो, पण हे प्रकरण निराळंच होतं.

साल अठ्ठ्याण्णव. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला आणि वत्सलाबाई गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात मावशी. मावशी म्हणजे वॉर्डातली आया. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, पेशंटला बेडपॅन द्यायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. हात असा हलका, की बाळंतिणी "मावशीच पाहिजे" म्हणून अडून बसायच्या. पण सलाइनच्या बाटलीला बोट लागलं तरी सिस्टर खेकसायची, की ते तुमचं काम नाही. साधा थर्मामीटर कधी त्यांच्या हाती कुणी दिला नाही.

आणि लेकीनं, आशानं, काय करावं? दहावीनंतर आरोग्यसेवेचं व्होकेशनल घेतलं. बारावीला कॉलेजनं तिला प्रात्यक्षिकासाठी धाडलं ते नेमकं त्याच हॉस्पिटलात, आईच्याच वॉर्डात. पांढरा एप्रन चढवला आणि पहिल्याच दिवशी पेशंट तिला सिस्टर म्हणायला लागले. अजून वेणी आईकडून घालून घेते, आणि म्हणे सिस्टर! वत्सलाबाईंना आनंद झालाही असेल घोटभर. बाकी सगळा नुसता जळफळाट. पोरगी बीपी घ्यायला लागली, की ह्या फरशी पुसत तिच्याच आसपास घोटाळायच्या, कुठं चुकतेय का बघायच्या. मेली चुकायचीही नाही.

एका सकाळी कोपऱ्यातल्या कॉटपासून आशानं हाक मारली, "मावशी, जरा बेडपॅन आणा."

वॉर्डाचा रिवाजच तसा. सगळेच मावशी म्हणतात, सगळेच अहो-जाहो करतात. पण घरी हीच पोर "आई, दे ना, आण ना" करत अंगाशी येणारी. त्या 'आणा'नं वत्सलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेडपॅन आणून दिला, तो जवळजवळ आदळूनच.

संध्याकाळी घरी आशा म्हणाली, भूक लागलीय. वत्सलाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"भाकरी टोपल्यात आहे, सिस्टर. घ्या वाढून."

पोरगी जी रडायला लागली, ती जेवलीच नाही. हुंदके देत एवढंच म्हणाली, की सगळ्यांसमोर आई म्हटलं, तर बेडपॅन कसा मागू? वत्सलाबाई मनात म्हणाल्या, बघतेच उद्या काय करते ते.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या कॉटवरच्या म्हातारीला बेडपॅन हवा झाला. आशानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग कुणालाच हाक न मारता गेली आणि स्वतः बेडपॅन घेऊन आली. दुसऱ्या एखाद्या आईला भरून आलं असतं. वत्सलाबाईंचा जीव जळून खाक झाला. एप्रन घेतला, बीपी घेतलं, सिस्टर म्हणवून घेतलं, आणि आता हेसुद्धा हिलाच हवं? फडकं बादलीत टाकून त्या तरातरा गेल्या आणि पोरीच्या हातातून बेडपॅन ओढून घेतला.

"दे इकडं. हे माझं काम हाय."

म्हातारी गोंधळली. ही सिस्टर तुमची कोण लागते, म्हणून विचारू लागली.

"माझी लेक," वत्सलाबाई धुसफुसत म्हणाल्या, "पण हे तिला जमायचं नाय. उचला कंबर."