गावासकट हाक

गोडादऱ्यातल्या त्या दातांच्या दवाखान्यात उज्ज्वलाचा आवाज म्हणजे लाउडस्पीकरच. बाकावर बसलेले बहुतेक खानदेशातून पोटासाठी इकडे आलेले, कापडाच्या लूमवर राबणारे. एकेका नावाच्या तीन-तीन बाया. म्हणून ही मदतनीस बाई गावासकट हाक मारायची. "नरडाण्याची कमल! दाढ काढायची ना? ये!" डॉक्टरांनी शंभरदा बजावलं, नंबरानं बोलाव, कुणाचं दुखणं चारचौघांत काढू नकोस. तर म्हणे, "नंबर कैद्यांना असतो, आपल्या माणसांना नाही." घ्या!

आणि एका सोमवारी तिनं तशीच आरोळी ठोकली, "बेटावदची शीतल! मोडका जबडा!"

तो जबडा नवऱ्यानं, बळीरामनं, लोखंडी पान्यानं मोडला होता. शीतल पळून बहिणीकडे लपली होती. तो पत्ता दवाखान्याच्या कॉम्प्युटरात होता. डॉक्टरांनी तारेनं जबडा बांधून तिला पाठवलं. पण बाकावर बळीरामचा लूमवरचा जोडीदार गाल धरून बसला होता. त्यानं हाक ऐकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जेवायला गेले आणि बळीराम आत घुसला.

"कोठे शे ती?"

उज्ज्वलाला कळून चुकलं. हा मेला इथवर आला तो आपल्याच तोंडामुळे! तिनं झटकन कॉम्प्युटर बंद केला.

"नही सांगस. जाय!"

त्यानं केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. मग पुन्हा. अवजारांचा ट्रे उधळला, स्क्रीन भिंतीवर फोडला. "पासवर्ड सांग!" ठोसा तोंडावर बसला, पुढचा दात तुटून जिभेवर आला. तिनं तो रक्तासकट त्याच्या तोंडावर थुंकला. ओरडू नये म्हणून त्यानं तिचं तोंड दाबलं, तर तिनं उरलेले सगळे दात त्याच्या अंगठ्यात रुतवले, पार हाडापर्यंत. तो गुरासारखा हंबरला. खालचा फरसाणवाला आणि चार जण धावले, त्यांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवला आणि पोलिसांच्या हवाली केला.

शीतल तार काढायला आली त्या दिवशी बाक भरलेला होता. "काय गं, दात कुठे गेला?" बाया उज्ज्वलाला खोदून विचारत होत्या.

"सात नंबर," उज्ज्वलानं शीतलला हळूच हाक मारली.

तार निघाली. डॉक्टर हात धुवायला गेले. शीतलनं जबडा हलवून पाहिला आणि पहिलंच वाक्य बोलली, "ताई, हा दात त्यानंच पाडला ना?"

उज्ज्वलानं आधी उठून दार लावून घेतलं. मग तिला रडू फुटलं.

"त्यानंच. पण त्याला इथवर बोलावलं मीच गं."