दहापैकी अकरा

आमच्या मोहाडीत मला ओळखणारी माणसं माझ्या तोंडून निघालेल्या प्रत्येक आकड्याला दहाने भागतात. मी म्हटलं, आज दुकानात पन्नास बायका आल्या होत्या, की ऐकणारा पाच धरतो आणि चहा पितो. याची मला कधी लाज वाटली नाही. आमच्या घरी तीन पिढ्या हातमाग चालला. माझ्या वाट्याला माग आला नाही, साड्यांचं दुकान आलं. आणि साडी विकणारा माणूस साडीबद्दल जेवढ्यास तेवढं बोलायला लागला, तर त्यानं दुकानाला कुलूप लावून सरळ घरी जावं. मी एका बाईला सांगितलं होतं की ही साडी नेसून वैनगंगेत महिनाभर उभ्या राहा, काठाचा रंग सुटणार नाही, सुटला तर नदीचा सुटेल. बाई दोन घेऊन गेल्या.

माझा हिशेब तपासणारं माणूस एकच, माझी बायको. तिचं माहेर एकोडीचं, धान पिकवणारं घर. तिथं पोतं म्हणजे पोतं. पाहुण्यांपुढे मी रंगात आलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पाच होत्या जी. त्यातल्या दोघी तं पाणी प्याले आल्या होत्या." पाहुणे हसायचे. मीही हसायचो आणि पुढचा आकडा आणखी मोठा टाकायचो. असा आमचा बत्तीस वर्षांचा संसार.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या जबड्याखाली गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गाठीचं नाव सांगितलं आणि म्हणाले, मशीनवर तेहतीस वेळा किरणांचा शेक द्यावा लागेल. सोमवार ते शुक्रवार, रोज. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक लक्षात ठेवा. मधे खंड पडू द्यायचा नाही. एक दिवस म्हणजे एक दिवस."

मोहाडीहून नागपूर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, तेहतीस काय, तीनशे तेहतीस वेळा आणतो, आपल्या घरची गाडी आहे. बायको बाजूला बसली होती. ती म्हणाली, "तेहतीसच आणा."

गाडी पाच वर्षांची होती. एवढं धावायचं तर आधी तिची सर्व्हिसिंग करून घ्यावी, म्हणून मी ती भंडाऱ्याला हायवेवरच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. गावातला मिस्त्री नको, कंपनीच पाहिजे, हा माझा आग्रह. तिथं सगळं काचेचं. काचेमागून आपली गाडी वर उचललेली दिसते, तिच्या पोटाखाली माणसं उभी असतात, आणि आपण एसीत बसून कॉफी प्यायची. कॉफी इतकी पातळ की कपाच्या बुडाशी कंपनीचं नाव वाचता यायचं.

संध्याकाळी गाडी धुऊनपुसून पुढ्यात आली. तिथला ॲडव्हायझर, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, कपाळावर घाम, माझ्या मागे मागे दारापर्यंत आला.

"काकाजी, एक विनंती आहे जी. परवा कंपनीचा फोन येईन. दहापैकी किती मार्क, असं विचारतीन. दहा द्याजा."

"नऊ देतो," मी म्हणालो. "एक कॉफीचा कापतो."

"नाही न काकाजी! नऊ म्हणजे आमच्यासाठी शून्यच असते. पगारातून कापतेत."

त्याचा चेहरा बघून मला दया आली. माझ्याकडे मागितलं की मी मोजून देत नाही, हा दोष जुना आहे.

फोन तिसऱ्या दिवशी आला. सोमवारपासून शेक सुरू व्हायचे होते आणि घरात आठ दिवस कुणी हसलं नव्हतं. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. हा कॉल रेकॉर्ड होत आहे म्हणाली, आमच्या सेवेला एक ते दहामध्ये किती गुण द्याल म्हणाली.

"अकरा!" मी ओरडलो.

ती हसली. एवढंच झालं. ती हसली आणि मी सुटलो. "बाई, तुमच्या लोकांनी गाडी अशी केली आहे की काल संध्याकाळी आंबागडाच्या पायथ्याशी गोट्यागोट्यातून नेली! हत्तीएवढाले गोटे! खालून धडाधड लागून राहिले होते, पण गाडीनं हूं की चूं केलं नाही!"

गाडी तीन दिवसांपासून अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. बायको तांदूळ निवडत होती, ती मागून म्हणाली, "अवो, काय खोटं बोलून राहिले जी! गाडी तं दारातच हाये!" मी तिला हातानं गप्प केलं. फोनवरची मुलगी आणखी हसली. मग बायकोही हसली. मला वाटलं, माझं काम झालं.

पहिले पंधरा शेक नीट झाले. मशीनवर झोपवताना तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचा जाळीदार मुखवटा बसवून तो टेबलाला खिळवायचे, मान जराही हलू नये म्हणून. बाहेर आली की गालावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. दुसऱ्या आठवड्यापासून घसा सोलला गेला. आवाज कमी होत होत नुसती हवा उरली. गाडीत मी बडबडायचो आणि ती खिडकीकडे मान टेकून बसायची. माझे आकडे कुणी कापत नव्हतं. मीच मग ते छोटे करायला लागलो. एकदा म्हणालो, आज रस्त्यात बारा ट्रक उलटलेले दिसले. थोड्या वेळानं मीच म्हणालो, एक होता.

सोळाव्या शेकाच्या दिवशी, सोमवारी, मौद्याच्या अलीकडे गाडीतून असा आवाज आला जसा पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे घालून हलवले. लाल दिवा लागला, आणि मी गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन जागच्या जागी आवळून बसलं. मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ. ऊन मे महिन्याचं. मी बायकोला एका टपरीच्या सावलीत बसवलं, तिनं पदर ओला करून गळ्याला लावला.

टपरीशेजारी एक मिस्त्री होता. तो गाडीखाली पालथा झाला आणि तिथूनच बोलला.

"काकाजी, तेलाच्या चेंबरचा नट पडला न. आटेच गेलेले आहेत. आणि हे पहा, भोकात पांढरी टेप. नळाले गुंडाळते ना, ती. कोणंतरी नट आवळता आवळता आटे खाल्ले अन् मंग टेप लावून कोंबला."

"कोणी?"

"आता ज्यानं शेवटी तेल बदललं, त्यानं."

या जागी माझ्याऐवजी माझी बायको असती तर तिनं आधी त्या भोकाचा फोटो काढला असता. मी आधी फोन केला. पट्टेवाल्या ॲडव्हायझरला चार जिल्ह्यांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी झापलं. तो शांतपणे म्हणाला, "काकाजी, टोचन गाडी पाठवतो. पण दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नका जी, वॉरंटी जाईन." आणि मी, साठी गाठलेला दुकानदार, ज्यानं आटे खाल्ले त्याच्याच हाती गाडी दिली.

त्या दिवशीची मशीनची वेळ गेली. एक.

ॲडव्हायझर म्हणाला, उद्या सकाळी तुमच्या दारात आमची दुसरी गाडी उभी राहील, काकूंची काळजी करू नका. मंगळवारी आम्ही तयार होऊन ओट्यावर बसलो. ती शबनम पिशवी खांद्याला लावून, फाईल मांडीवर घेऊन. गाडी आली नाही. फोन केला तर, ड्रायव्हर सुट्टीवर, उद्या नक्की. दोन. बुधवारीही आम्ही ओट्यावरच. तीन. मोहाडीतली भाड्याची प्रत्येक गाडी लग्नांत लागलेली, बारा ठिकाणी विचारलं. खरंच बारा. गुरुवारी तिनं खुणेनं सांगितलं, बस. एसटीत बसलो. भंडारा सोडून शहापूर येईस्तोवर तिची शुद्ध गेली. कंडक्टरनं गाडी थांबवली, आम्ही परत भंडाऱ्याला दवाखान्यात. सलाईन लागलं, शुक्रवारही तिथंच गेला. चार आणि पाच.

पुढच्या सोमवारी माझा साळा एकोडीहून त्याची धानाची पिकअप घेऊन आला. बहिणीला मधे बसवलं, पाठीला उशी दिली आणि गाडी सुरू केली. डॉक्टरांनी फाईल बघितली. बोटानं रिकामे पाच चौकोन मोजले. "मी सांगितलं होतं ना?" म्हणाले. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "पेशंटला आत घ्या."

परतताना मी पिकअप वर्कशॉपपुढे थांबवायला लावली. बायकोला उन्हात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तीही मॅनेजरच्या एसी खोलीत आली. मॅनेजर गुळगुळीत दाढीचा, गुळगुळीत बोलण्याचा.

"सर, खालून दगड लागलाय. चेंबरवर मार्क आहे."

"तो ओरखडा जुना आहे. भोकातली टेप दाखवा."

"कोणती टेप, सर?"

आम्ही खाली जाऊन बघितलं. चेंबर खोलून ठेवलेलं, धुतलेलं. त्यात तोंड बघून भांग पाडावा असं लख्ख. टेपचा धागाही नाही.

खोलीत परत आल्यावर मॅनेजरनं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि एक बटण दाबलं. खोलीभर माझा आवाज घुमला. अकरा! आंबागडाच्या पायथ्याशी! हत्तीएवढाले गोटे! खालून धडाधड!

माझा साळा माझ्याकडे बघत राहिला.

"हे तर तुम्हीच सांगताय, सर," मॅनेजर म्हणाला.

"मी खोटं बोललो होतो."

"मग आता खरं बोलताय, हे आम्ही कसं समजायचं?"

तेवढ्यात बायको खुर्चीत पुढे सरकली. गळ्यावरची कातडी काळी पडून सुटत होती. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि एकेक शब्द खरवडून काढला. "गाडी... घरीच... होती."

मॅनेजर हसला, कुत्सित नाही, समजुतीनं हसला. "काकू, बायको तर नवऱ्याचीच बाजू घेणार ना."

बत्तीस वर्षांत तिनं माझी बाजू एकदाही घेतली नव्हती. अख्ख्या मोहाडीला ते माहीत होतं. त्या काचेच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"मागून तिचा आवाज आहे," मी म्हणालो. "पुन्हा लावा. नीट ऐका."

त्यानं पुन्हा लावलं. माझ्या आरडाओरड्याच्या खाली, अगदी लांबून, काहीतरी होतं. खोटं... जी... हाये. "टीव्ही असेल," मॅनेजर म्हणाला. साळा टेबलावर हात आपटून म्हणाला, "बहीण आहे माही!" पण बायकोचं या भांडणाकडे लक्षच नव्हतं. तिनं मान वाकडी करून कान स्पीकरजवळ नेला होता. संपल्यावर तिनं एक बोट वर केलं. आणखी एकदा. मॅनेजरला वाटलं, काकूंना पटायला लागलं आहे; त्यानं उत्साहानं लावलं. ती डोळे मिटून स्वतःचा तो आवाज ऐकत होती. मग उठली आणि दाराकडे चालू लागली.

पुढे वर्कशॉपवाल्यांनी अर्धी चूक त्यांची, अर्धी माझी असा कागद केला आणि नवं इंजिन बसवून गाडी दिली. मी सही केली, कारण उरलेले शेक पिकअपच्या धक्क्यांत होत होते आणि मला आता फक्त गाडी पाहिजे होती. खंड भरून काढायला डॉक्टरांनी वर दोन शेक जास्त दिले. त्या दोन दिवसांनंतर तिला पाणीही गिळता येईना, नाकातून नळी घातली.

दिवाळीनंतर गाठ परत आली. तिथंच, जरा मागे, कानाखाली.

भंडाऱ्याचे एक वकील आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, ग्राहक मंचात चला. फोनवर बढाई मारणं म्हणजे गुन्हा नाही, मौद्याच्या मिस्त्रीची साक्ष काढू. त्यांनी तक्रार लिहिली. नट, टेप, धुतलेलं चेंबर, न आलेली गाडी, पाच दिवस, सगळं जागच्या जागी. शेवटी एक ओळ मोकळी होती.

"इथं लिहा, या खंडामुळे पत्नीचा आजार उलटला," वकील म्हणाले. "केसमध्ये जीव येतो."

"डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही लिहायचं हो! तुम्हाला काय शिकवायचं? तुमच्याएवढं वाढवून सांगणारा जिल्ह्यात कोण आहे?"

मी नागपूरला गेलो, एकटाच. डॉक्टरांना विचारलं, ते पाच दिवस गेले नसते तर? त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "तसं मी लिहून देऊ शकत नाही," ते म्हणाले. "आणि तसं नाही झालं, असंही लिहून देऊ शकत नाही."

घरी आलो तेव्हा ती बाजेवर टेकून बसली होती. नळीतून पेज द्यायची वेळ झाली होती. तिनं भुवया उंचावून विचारलं, काय म्हणाले? मी डॉक्टर जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि पेजेकडे बोट दाखवलं, थंड होत होती. मी वाटी घेतली आणि नळीशी बसलो. पेज सावकाश सोडावी लागते, घाई केली की तिला ठसका लागतो.

तक्रारीचा कागद कपाटात आहे. बाकी सगळं लिहून झालं आहे. ती ओळ मी कधी भरायला बसतो, कधी खोडायला बसतो आणि तशीच ठेवून उठतो. वकील दर सोमवारी फोन करतात, मुदत जाईल म्हणतात. मी म्हणतो, लिहून राहिलो.