मशिदीत न्या

अडीनडीला एलियाहू हन्नाबी धावून येतो, असं आई सांगायची. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातली ज्यू माणसं, या प्रेषिताचं नाव घेऊनच घराबाहेर पडतो. मीही ते घेऊनच प्रबळगडाला गेलो होतो. उतरताना पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. मग करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये पडल्या पडल्या मी त्याच्याशी भांडायचो. कुठे होतास बाबा तेव्हा?

पायाचं दुखणं सोसलं असतं. पण आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. थोरला भाऊ इस्राएलला गेलेला, तेव्हा तिच्यासाठी पनवेलच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, कद्दीशची प्रार्थना म्हणणारा मीच. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमचे बहुतेक परदेशी गेले, उरलेले मला धरून कसेबसे दहा, आणि सगळे सत्तरीपुढचे. तिथल्या उंच पायऱ्या मला कोण चढवणार? तरी आईची अशी ओढ लागली होती की घरात बसवेना.

बायको शाळेतून परस्पर तिकडे येणार होती. शेजाऱ्याने मला रिक्षात बसवलं, पाय सीटवर आडवा. "मशिदीत न्या," एवढं सांगून मी कळ सोसत डोळे मिटले. सिनेगॉगला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणतो. रिक्षावाल्याला ते काय ठाऊक! डोळे उघडले तर समोर मुसलमानांची मशीद, मगरिबची, संध्याकाळची नमाज आटोपून माणसं बाहेर पडत होती. माझा धीरच सुटला. एवढा बाप्या मी, भर रस्त्यात रडलो.

रिक्षावाला कावराबावरा झाला. मी रडतच सगळं सांगितलं, त्याने ते जाऊन दारातल्या एका दाढीवाल्या चाचांच्या कानावर घातलं. ते रिक्षापाशी आले.

"आईचं काम आहे ना? मग चला."

दोन धडधाकट माणसांना घेऊन ते स्कूटरवरून आमच्या मागोमाग आले. सिनेगॉगमधली खुर्ची खाली आणवली, तीत मला बसवलं आणि सगळ्यांनी मिळून अलगद वर नेलं. आत बायको आणि माझे म्हातारे ताटकळत होते. मी कद्दीश म्हटली. आई जवळ हवी होती, फार हवी होती.

बाहेर आलो तर ती माणसं पायऱ्यांवर बसून होती, मला खाली न्यायला. त्यांचे उपकार कसे फेडू?

घरी आल्यावर उमगलं. रिक्षावाल्याने मला पहिल्यांदाच बरोबर जागी सोडलं असतं, तर मी पायऱ्यांखालीच राहिलो असतो. हल्ली कुठे जायचं एवढंच मी देवाला सांगतो. रस्ता त्याचा.